रस्ता आखायच्या आधी विचारायचं असतं : सिडनीच्या नव्या वसाहती आणि धारुग लोकांचा वारसा

तांबडीमाती, सिडनी | सोमवार, रात्री ९:४०

मागच्या रविवारी मार्सडन पार्कला एका बारशाला गेले होते. घर नवंकोरं, मागच्या अंगणात अजून गवतही धरलेलं नाही. जेवताना विषय निघाला ब्लॉकच्या, म्हणजे घराच्या प्लॉटच्या, रजिस्ट्रेशनचा. एकजण वैतागून म्हणाला, "चार दगड सापडले म्हणे, तेवढ्यावरून अख्खी ईस्टेट अडकलीय." दोघातिघांनी माना डोलावल्या. बारशाच्या घरी वाद नको म्हणून मी गप्प राहिले, पण तेव्हापासून ते वाक्य मनात घोळतंय.

मी अकरा वर्षं पश्चिम सिडनीत टाउन प्लॅनिंगचं काम करते. गाई-घोडे चरायचे त्या रानांचे ब्लॉक पडताना रोज बघते. स्कोफील्ड्स, टालावाँग, मार्सडन पार्क, बॉक्स हिल या पट्ट्यात आपली कितीतरी मराठी घरं आहेत, नवी येताहेत. त्यांना हे 'चार दगड' नीट कळावेत असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा धागा. लांबेल, सांभाळून घ्या.

हा मुलूख धारुग लोकांचा, म्हणजे इथल्या मूळच्या अ‍ॅबोरिजिनल लोकांचा. कंबरलँड प्लेन म्हणतात तो हा सखल, चिकणमातीचा प्रदेश, मधूनमधून ओढे : ईस्टर्न क्रीक, सेकंड पाँड्स क्रीक, साउथ क्रीक. साउथ क्रीकचं मूळ नाव वियानामाटा. प्लंप्टनजवळच्या टेकाडावर सिल्क्रीट नावाचा बारीक कणांचा दगड मिळतो. लोक तो विस्तवात तापवायचे. तापला की लालसर होतो आणि हवा तसा फुटतो. मग त्याची पाती काढायची, भाल्याला बसवायची, त्यांनी लाकूड तासायचं, कातडं खरवडायचं. ओढ्याकाठच्या उंचवट्यांवर बसून पिढ्यानपिढ्या ही कामं चालायची. त्यामुळे इथला वारसा देवळासारखा उभा दिसत नाही. तो वरच्या वीत-दोन वीत मातीत पसरलेला असतो, आणि बुलडोझरचं पातं पहिल्यांदा फिरतं ते नेमकं त्याच थरातून.

जवळच हॉक्सबरी नदीकाठी, पिट टाउनला, घरांची योजना होती. तिथल्या वाळूच्या उंचवट्यावर आधी उत्खनन झालं आणि सुमारे ३६,००० वर्षांपूर्वीपासूनच्या वस्तीच्या खुणा हाती आल्या. घरं बांधायची नसती तर तिथे कोणी खणलं नसतं, हेही खरं. आणि न खणता बांधली असती तर ते कायमचं गेलं असतं.

आता काम कसं चालतं ते सांगते. न्यू साउथ वेल्समध्ये अ‍ॅबोरिजिनल वारशाला स्वतंत्र कायदा नाही. १९७४ च्या नॅशनल पार्क्स अँड वाइल्डलाइफ कायद्यात त्याची कलमं आहेत, म्हणजे माणसांचा वारसा प्राणी-झाडांच्या कायद्यात. २०१८ मध्ये वेगळ्या कायद्याचा मसुदा निघाला, पण कायदा काही झाला नाही. धारुग मंडळी हे बोलून दाखवतात तेव्हा मला उत्तर सुचत नाही.

त्या कायद्यानुसार वस्तू नोंदलेली असो वा नसो, तिला धक्का लावणं गुन्हा आहे. 'माहीतच नव्हतं' ही सबब पुरत नाही, आधी खातरजमा केली होती हे दाखवावं लागतं. त्यासाठी २०१० ची 'ड्यू डिलिजन्स' नियमावली आहे. सरकारी नोंदवहीत, जिला सगळे 'एहिम्स' म्हणतात, बघायचं की जवळपास काही नोंदलंय का. मग जमीन बघायची : पाण्यापासून २०० मीटरच्या आत आहे का, टेकाडाच्या माथ्यावर आहे का, वाळूच्या टेकड्यांमध्ये आहे का, कड्याच्या वर-खाली २०० मीटरमध्ये किंवा गुहेच्या २० मीटरमध्ये आहे का. इथे एक चूक फार होते. एहिम्सच्या नकाशावर ठिपका नाही म्हणजे तिथे काही नाही, असं लोक धरून चालतात. पण ठिपका पडतो तो कोणीतरी शोधल्यावर. ज्या रानात कधी कोणी फिरलंच नाही तिथला नकाशा कोराच असणार.

शक्यता दिसली की खरं मूल्यमापन सुरू होतं. ज्यांचा मुलूख आहे त्यांना आधी विचारायचं असतं. अ‍ॅबोरिजिनल लोकांच्या लँड कौन्सिलला, नगरपालिकेला, सरकारी खात्यांना पत्रं जातात, वर्तमानपत्रात जाहिरात येते. नाव नोंदवायला निदान १४ दिवस, कामाची पद्धत वाचून मत द्यायला २८, अहवालाच्या मसुद्यावर आणखी २८. बेरीज ७० दिवस, तीही कमीत कमी. मध्ये चाचणी खड्डे : ५० सेंटिमीटरचे चौकोन, हाताने खणायचे, सगळी माती ५ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळायची. काही सापडलं आणि ते टाळून बांधता येत नसेल, तर परवाना लागतो. त्याचं नाव 'हेरिटेज इम्पॅक्ट परमिट'. नाव ऐकून वाटतं वारसा जपायचा परवाना आहे, पण तो त्याला धक्का लावायचा परवाना आहे. आणि तो बहुतेक वेळा मिळतो. दगडांपायी कायमचं बंद पडलेलं काम मी अकरा वर्षांत एकही पाहिलेलं नाही.

मग अडतं कुठे? दोन साइट सांगते, नावं सांगत नाही.

पहिलीत लेआउट आधीच पक्का होता. ओढ्यापासून शंभरेक मीटरवर एक उंचवटा, आणि मुख्य रस्ता त्याच्यावरूनच जायचा होता. ब्लॉक विकले गेलेले, सांडपाण्याची लाइन आखलेली. चाचणीच्या पहिल्याच दिवशी एका खड्ड्यातून मूठभर कपच्या, म्हणजे घाव घालून काढलेले दगडाचे पातळ तुकडे, निघाल्या. रस्ता हलवायचा तर सगळंच हलणार, म्हणून तो हलवायचं नाव कोणी काढेना. मग परवाना, मोठं उत्खनन, नंबर टाकलेल्या पिशव्यांत भरलेले दगड. सात महिने गेले आणि उंचवटाही गेला.

दुसरीत जमीन अजून शेतीची होती, झोनिंग बदलायचं बाकी होतं. तेव्हाच धारुग समाजातल्या एका आजींना साइटवर बोलावलं. त्या उंचवट्यावर चढल्या, ओढ्याकाठच्या झाडांच्या रांगेकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग मला विचारलं, घरांची मागची कुंपणं कुठे येणार? मी बोनेटवर प्लॅन उलगडला. आमच्या आराखड्यात त्या बाजूच्या एकूण एक घराची पाठ ओढ्याकडे होती, म्हणजे ओढ्याच्या कडेने पत्र्याच्या कुंपणाची सलग भिंत. मी कित्येक प्लॅन काढलेत, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आम्ही ब्लॉक फिरवले, ओढ्याच्या कडेने रस्ता काढला, घरांची तोंडं पाण्याकडे केली. उंचवटा बागेत आला. दोन दिवसांचं काम. दोन वर्षांनी तेच करायचं म्हटलं असतं तर कोणी ऐकून घेतलं नसतं.

माझं कळकळीचं सांगणं हेच आहे. विचारायचं ते रस्ता आखायच्या आधी.

---

सुशांत_पी | मंगळवार, सकाळी ७:१५

ताई, बारशाला ते वाक्य बोललो तो मीच. तुम्ही तिथे काही बोलला नाहीत आणि इथे नाव घेतलं नाहीत, त्याबद्दल आभार.

माझी बाजू सांगतो. सप्टेंबरमध्ये रजिस्टर होणार म्हणून सांगितलेला ब्लॉक एप्रिलपर्यंत झाला नाही. तोवर भाडं चालू, लोनची मंजुरी संपली, ती नव्याने काढताना व्याजदर वर गेलेला. आईबाबांची तिकिटं दोनदा बदलली. सेल्स ऑफिसमध्ये विचारलं की "हेरिटेज इश्यू" एवढंच उत्तर. मला त्या लोकांबद्दल आकस नाही. पण जमीन तपासायची जबाबदारी डेव्हलपरची होती आणि त्याचे पैसे माझ्या खिशातून गेले, हे मला पटत नाही.

---

तांबडीमाती | मंगळवार, दुपारी १२:५०

सुशांत, तुझा राग मला पूर्ण समजतो आणि तो रास्त आहे. फक्त तो जायला हवा तिथे जात नाहीये. त्या जमिनीजवळ ओढा आहे हे पहिल्या दिवसापासून नकाशावर दिसत होतं. चाचणी विक्रीच्या आधी करता आली असती.

पुढे कोणी घेणार असेल तर सही करायच्या आधी सॉलिसिटरमार्फत हे लेखी विचारा : या टप्प्याला हेरिटेज परमिट लागतं का, लागत असेल तर मिळालंय का, आणि त्याच्या अटी काय आहेत. 'प्रोसेसमध्ये आहे' असं उत्तर आलं तर आपल्या तारखेत काही महिने धरून चाला. सनसेट क्लॉज, म्हणजे ठरल्या तारखेपर्यंत ब्लॉक रजिस्टर झाला नाही तर करार मोडू देणारं कलम, नीट वाचा. २०१५ पासून न्यू साउथ वेल्समध्ये डेव्हलपरला त्या क्लॉजखाली करार मोडायचा तर तुमची लेखी संमती लागते, नाहीतर सुप्रीम कोर्टाचा आदेश. त्यामुळे उशीर झाला म्हणून घाबरून कशावरही सही करू नका.

---

वेरीबीकाठ, मेलबर्न | मंगळवार, संध्याकाळी ६:०५

उत्तम धागा. आमच्या व्हिक्टोरियात यासाठी २००६ चा वेगळा कायदा आहे. नदी-ओढ्यापासून २०० मीटरच्या आतली किंवा नकाशात 'संवेदनशील' म्हणून दाखवलेली जमीन असेल, आणि तुम्ही तीन किंवा जास्त घरं बांधणार असाल, किंवा जमिनीचे तीन किंवा जास्त राहते ब्लॉक पाडणार असाल, तर कल्चरल हेरिटेज मॅनेजमेंट प्लॅन सक्तीचा. तो मंजूर झाल्याशिवाय कौन्सिल प्लॅनिंग परमिट देऊच शकत नाही. एका घराला सूट आहे.

मोठा फरक असा की हा प्लॅन मंजूर करतात त्या भागाच्या नोंदणीकृत अ‍ॅबोरिजिनल संस्था, उदाहरणार्थ वुरुंजेरी किंवा बुनुराँग. निर्णयाला त्यांना ३० दिवस असतात. तुमच्याकडे ते मत देतात आणि शेवटचा शब्द सरकारचा. आमच्याकडे त्यांनी नाही म्हटलं तर नाही. मग डेव्हलपरने ट्रायब्युनलमध्ये जायचं.

अडचणीही आहेत. कोणत्या जमिनीबद्दल कोण बोलणार हा वाद वर्षानुवर्षं चालतो. वुरुंजेरी आणि बुनुराँग यांच्यातली मेलबर्नमधली हद्द १ जुलै २०२१ पासून लागू झाली. आणि या संस्थांकडे कामाचे डोंगर आहेत, माणसं थोडी. मी ट्रुगनिनाला राहतो. आमच्या भागात एकेका वर्षात जेवढी घरं होतात त्या मानाने त्यांनी हे काम ओढणं म्हणजे कमालच म्हणायची.

---

हर्षद_डी | मंगळवार, रात्री १०:२०

थोडं वेगळं मत मांडतो, कृपया राग मानू नये. सिडनीत तरुण कुटुंबांना घर मिळत नाही, हा आजचा जिवंत प्रश्न आहे. कपच्या लाखोंनी असतील. नमुने घेतले, फोटो काढले, माहिती नोंदवली की ज्ञान तर राहिलं ना? प्रत्येक उंचवट्यासाठी थांबायचं तर घरं कधी होणार? आणि खोकी भरभरून ठेवलेल्या त्या दगडांचं पुढे होतं काय?

---

तांबडीमाती | बुधवार, सकाळी ८:३०

हर्षद, यात राग मानण्यासारखं काही नाही. घरं हवीत, मीही त्यासाठीच काम करते.

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. अभ्यास झाला की ते दगड धारुग संस्थांकडे सोपवतात, किंवा त्याच वसाहतीतल्या राखीव जागेत, पुन्हा खणलं जाणार नाही अशा ठिकाणी, पुरतात आणि त्या जागेची एहिम्समध्ये नोंद करतात. मी एकदा अशा पुरण्याच्या वेळी हजर होते. खड्ड्यापाशी आधी ओल्या पानांचा धूर केला. मग प्लास्टिकच्या पिशव्या कापून दगड हाताने मोकळे ओतले. पिशवीसकट पुरायचे नाहीत असं त्यांनी बजावून सांगितलं होतं. माझ्या टीममधला एक मुलगा पिशव्यांवरचे नंबर वाचत होता आणि एका आजोबांनी त्याला हळूच थांबवलं. नंतर कोणी काही बोललं नाही, फक्त दगडांवर दगड पडल्याचा आवाज.

'ज्ञान राहिलं' हे पुरातत्त्वज्ञाच्या बाजूने बरोबर आहे. ऑस्ट्रेलियात वारसा तोलायला १९७९ ची बर्रा सनद वापरतात. तिच्यात शास्त्रीय मूल्य हे अनेकांतलं एक आहे. सौंदर्याचं, इतिहासाचं, समाजाचं आणि श्रद्धेचं मूल्यही धरायचं असतं. फोटोत शास्त्रीय मूल्य उतरतं. बाकीचं काय आहे, किती आहे, हे त्या लोकांना विचारल्याखेरीज मला कसं कळणार?

प्रत्येक उंचवटा वाचवा असं कोणीच म्हणत नाही. प्रत्येक वसाहतीत बाग असतेच, पावसाच्या पाण्याचं तळं असतंच, ओढ्याकाठी पुराची पट्टी सोडावीच लागते. एकही घर कमी न करता मोकळी जागा कुठे पडेल हे निवडता येतं. पण ते लवकर विचारलं तर.

---

अभ्यंकरकाका | बुधवार, दुपारी ३:१०

मी कॉलेजात भूशास्त्र शिकवून निवृत्त झालो, सध्या मुलाकडे केलीव्हिलला आहे. सकाळी ओढ्याच्या कडेने फिरायला जातो तेव्हा लालसर दगडांचे तुकडे दिसतात. माणसाने काढलेली कपची आणि नांगराखाली, ट्रॅक्टरखाली फुटलेला तुकडा यांतला फरक तिथले लोक कसा ठरवतात?

---

तांबडीमाती | बुधवार, संध्याकाळी ७:४५

काका, तुम्हाला मी काय सांगणार, पण मला शिकवलं तसं सांगते.

घाव घालायला गाभ्याच्या दगडाला एक सपाट काठ लागतो. घाव तिथे बसतो आणि कपची सुटते. तिच्या आतल्या बाजूला, घावाच्या लगेच खाली, एक गोलसर फुगवटा येतो. बोटाने चाचपला तर कळतो, वाटाण्याची अर्धी डाळ चिकटवल्यासारखा. त्याच्यापासून पुढे बारीक लाटा जातात, तळ्यात खडा टाकल्यावर जातात तशा. पाठीवर आधी निघालेल्या कपच्यांचे खोलगट व्रण असतात. फुगवटा, लाटा आणि मागचे व्रण एकत्र दिसले की सहसा शंका राहत नाही. ट्रॅक्टरखाली फुटलेल्या तुकड्याच्या कडा कशाही तुटलेल्या असतात. तापवलेल्या सिल्क्रीटचा ताजा पृष्ठभाग तुपाचा हात लागल्यासारखा तुळतुळीत दिसतो. गोरे आल्यानंतरच्या काळात बाटलीच्या काचेच्याही अशाच कपच्या काढलेल्या सापडतात. ती हिरवी काच मी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा फार वेळ ठेववली नाही. सगळं बदलत होतं आणि हात मात्र जुन्याच सवयीने चालत होते.

काका, एक विनंती. दिसलेला तुकडा उचलू नका, घरी आणू नका. जागच्या जागी फोटो काढा, शेजारी नाणं ठेवा, ठिकाण टिपून ठेवा आणि हेरिटेज एनएसडब्ल्यूला, म्हणजे राज्याच्या वारसा खात्याला, कळवा. आणि कोणालाही, अगदी स्वतःच्या अंगणात खणताना, हाडं दिसली तर तिथेच थांबून आधी पोलिसांना फोन करा.

---

अभ्यंकरकाका | बुधवार, रात्री ९:००

समजलं. दोन तुकडे खिडकीत आणून ठेवले आहेत. उद्या सकाळी होते तिथेच नेऊन ठेवतो आणि कळवतो.

---

प्राजक्ता_७, कॅम्पबेलटाउन | गुरुवार, सकाळी ९:३५

वर सगळं दगडांबद्दल चाललंय, पण दगड नसलेल्या जागेचं काय, हे आमच्याकडे दिसतं.

आमच्या दक्षिणेला अ‍ॅपिन आहे. गव्हर्नर मॅक्वारीने पाठवलेल्या सैनिकांनी, कॅप्टन वॉलिसच्या हुकमाखाली, १७ एप्रिल १८१६ च्या पहाटे तिथे छावणीवर हल्ला केला. पुरुष, बायका, मुलं मिळून निदान १४ जण मेले. कित्येकजण कॅटरॅक्ट नदीच्या कड्यावरून खाली कोसळले. आज तिथे चाचणी खड्डा घेतला तर काय निघेल? कदाचित काहीच नाही. पण धारावाल, गुंडनगुरा लोकांना त्या कड्यांबद्दल काय वाटतं ते दर एप्रिलमध्ये तिथल्या स्मरण-कार्यक्रमाला गेलं की कळतं. मी दोनदा गेले आहे.

आता तोच टापू ग्रेटर मॅकार्थर विस्ताराच्या पट्ट्यात येतो. हजारो घरं यायची आहेत. २०२२ मध्ये त्या हत्याकांडाचा परिसर राज्याच्या वारसा-यादीत गेला, एक ठिकाण म्हणून नव्हे तर अख्खा भूभाग म्हणून. लोकांनी ती मागणी फार वर्षं लावून धरली होती. नुसत्या पुरातत्त्वज्ञाच्या अहवालावर सोडलं असतं तर ते झालं असतं असं मला वाटत नाही.

---

मंजिरी_के, ओकहर्स्ट | गुरुवार, दुपारी १:२०

प्राजक्ता, त्याच १८१६ चा एक धागा माझ्या घरापाशी येतो.

त्या मोहिमांमध्ये वाटाडे म्हणून मदत केल्याबद्दल मॅक्वारीने कोलेबी आणि नुरागिंजी या दोघांना रिचमंड रोडला ३० एकर जमीन देऊ केली. अ‍ॅबोरिजिनल लोकांना मिळालेली ती पहिली जमीन. त्यांचीच जमीन, त्यांनाच बक्षीस. आज शेजारी कोलेबी नावाचं उपनगर आहे, आपली अनेक मंडळी तिथे राहतात.

कोलेबीची बहीण मारिया. ती पाराम्याटाच्या नेटिव्ह इन्स्टिट्यूशनमध्ये शिकली. ही शाळा १८१४ मध्ये निघाली, अ‍ॅबोरिजिनल मुलांना आईबापांपासून वेगळं ठेवून गोऱ्यांच्या रीतीने वाढवायला. १८१९ च्या परीक्षेत गोऱ्या मुलांना मागे टाकून मारियाने पहिलं बक्षीस मिळवलं. पुढे तिने गव्हर्नरकडे अर्ज करकरून भावाची जमीन स्वतःकडे आणली. आजच्या अनेक धारुग कुटुंबांची ती पणजी-खापरपणजी.

१८२३ मध्ये ती शाळा आमच्या इथे, रिचमंड रोडवर हलवली. लोक त्या भागाला 'ब्लॅक टाउन' म्हणू लागले, त्यावरून ब्लॅकटाउन. शाळा गेली, आता वर माळच आहे, गवत आणि काही झाडं. लाखाची जागा, घरं सहज झाली असती. जागा होती सरकारच्या लँडकॉमकडे, म्हणजे घरांच्या जमिनी पाडून विकणाऱ्या संस्थेकडेच. तिने ती २०१८ मध्ये धारुग लोकांना परत दिली. मी रोज गाडीने तिथून जाते. तीन वर्षं मला तो रिकामा प्लॉटच वाटत होता.

---

स्वाननदी, पर्थ | गुरुवार, रात्री ८:५०

पश्चिम ऑस्ट्रेलियाचं थोडक्यात. मे २०२० मध्ये रिओ टिंटो या खाण कंपनीने जूकन गॉर्जच्या गुहा सुरुंगाने उडवल्या. ४६,००० वर्षांच्या वापराच्या खुणा होत्या, आणि १९७२ च्या कायद्याच्या कलम १८ खाली त्याला रीतसर परवानगी होती. मग नवा कायदा आला, १ जुलै २०२३ ला लागू झाला आणि त्याच नोव्हेंबरमध्ये रद्दही झाला. १,१०० चौरस मीटरपेक्षा लहान घराच्या प्लॉटला त्यात सूट होती, तरी लोकांमध्ये एवढी भीती पसरली की अंगणात झाड लावायलाही परवाना लागेल म्हणून माझ्या ऑफिसात भांडणं व्हायची. आता थोडे बदल करून पुन्हा १९७२ चाच कायदा आहे. माहिती वेळेवर आणि सोप्या भाषेत न दिल्याने काय होतं ते आम्ही पाहिलं. म्हणून हा धागा मराठीत आहे याचं मला फार बरं वाटलं.

एक विचारायचं होतं. आपण लिहिताना 'आदिवासी' म्हणावं का?

---

तांबडीमाती | गुरुवार, रात्री १०:१०

मी शक्यतो त्या त्या लोकांचं नाव घेते : धारुग, धारावाल, वुरुंजेरी. सगळ्यांबद्दल मिळून बोलायचं तर अ‍ॅबोरिजिनल लोक. 'अ‍ॅबोरिजिनी' हा जुना शब्द आता इथे अपमानाचा मानतात, तो टाळावा. 'आदिवासी' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आपल्याकडचे वारली, गोंड, कातकरी येतात, त्यांचा इतिहास वेगळा.

मंजिरी, त्या माळाबद्दल लिहिलंस ते वाचून गप्प बसून राहिले. आमच्या क्षेत्रात हल्ली 'कनेक्टिंग विथ कंट्री' नावाची सरकारी मार्गदर्शिका वापरतात, २०२३ मध्ये ती पक्की झाली. आराखडा काढायच्या आधी मुलुखाच्या लोकांबरोबर बसा, हे त्यात लिहिलेलं आहे. नव्या विमानतळाभोवतीच्या वसाहतींसाठीही तशा सूचना आहेत. पण बसायचं किती लवकर आणि किती वेळ, हे अजून बरंचसं त्या त्या प्लॅनरच्या मनावर आहे. घाईच्या दिवसांत मीही तो वेळ कापलेला आहे. त्या साइट आजही मला आठवतात.

---

सुशांत_पी | शनिवार, दुपारी ४:३०

ताई, तुमच्या सांगण्यावरून काल ईस्टेटचा मंजूर प्लॅन काउन्सिलच्या वेबसाइटवरून काढला. आमच्या गल्लीच्या टोकाला हिरवा तुकडा आहे, त्यावर नुसतं 'रिझर्व्ह' लिहिलंय. कागदपत्रांत सापडलं की उत्खननातले दगड तिथेच पुरायचे ठरलेत.

आज सकाळी आईबाबांना घेऊन तिथे गेलो. तारेचं कुंपण आहे, आत गुडघाभर गवत, पलीकडे ओढा. आईने चप्पल काढून कुंपणाबाहेरूनच हात जोडले. मी तिला काही समजावून सांगायच्या आधीच.

घरी येऊन मोजलं. आमच्या घराची पाठ ओढ्याकडे आहे, आणि कुंपणाचं कोटेशन पत्र्याचं आलंय. बिल्डरला विचारलं, मागच्या बाजूला आरपार दिसणारं गजांचं कुंपण करता येईल. पैसे थोडे जास्त. तेच सांगितलं.

त्या रिझर्व्हला नाव द्यायचंय असं काउन्सिलच्या कागदात आहे. त्यात रहिवाशांना काही करता येतं का?

---

तांबडीमाती | शनिवार, संध्याकाळी ६:१५

येतं. प्रस्ताव काउन्सिल पाठवते, शिक्कामोर्तब जिऑग्राफिकल नेम्स बोर्ड करतं. मधे लोकांच्या सूचना घेतात. आपण नाव सुचवू नये, पण धारुग लोकांना विचारून त्यांनी दिलेलं नाव ठेवावं, असं पत्र रहिवासी नक्की देऊ शकतात. तुमच्या गल्लीतली आणखी दोन-चार घरं तयार होतात का बघ. मला व्यनि कर, मसुदा आपण मिळून लिहू. सूचनांची मुदत किती तारखेपर्यंत आहे तेवढं आधी बघून ठेव.